पांगारा आणि मेथीचा डबा

सरावलीच्या आमच्या परसातली झाडं अण्णांच्या हातानं मेली नाहीत. ती मी मारली. आई हे न कळताच गेली, आणि अण्णांना मी सांगितलं तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या पुढे गेलं होतं. मधल्या सगळ्या वर्षांत घरात झाडांचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. माझ्या या सवयीकडे बायकोचंही लक्ष गेलं होतं, पण तिची समजूत अशी की मला झाडांची आवडच नाही. मी ती समजूत तशीच राहू दिली. खोटं एकदा बोलावं लागतं, नंतर नुसतं गप्प बसलं तरी चालतं, हे मी घरातच शिकलो.

आम्ही मूळचे माणदेशातले. अण्णा नोकरीसाठी बोईसरला आले आणि कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. जवळच सरावलीत दोन खोल्या आणि मागे बुटक्या भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा, एवढं आमचं घर. शिफ्टचा भोंगा झाला की आई चुलीवर, म्हणजे खरं तर स्टोव्हवर, भाकरीचा तवा ठेवायची, आणि पहिली भाकरी फुगेपर्यंत अण्णांच्या सायकलचा खडखडाट गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. अण्णांच्या हातांविषयी मला इथेच लिहिलं पाहिजे. कधी त्यांची नखं पिवळी असत, कधी तळहाताच्या सगळ्या रेषा लाल. साबण लावून, दगडानं घासून कातडी सोलवटली तरी रंग जात नसे. घामातूनही तो उतरायचा. त्यांच्या उशीचा पांढरा अभ्रा मधोमध गुलाबी झालेला असायचा. कंपनीच्या कपड्यांची बादली वेगळी, त्यांचा टॉवेल वेगळा, आणि त्या कपड्यांचं पाणी मोरीतच ओतायचं, परसात नाही, असा आईचा कायदा होता. गल्लीतली पोरं अण्णांना बघून "काका, रंगपंचमी झाली का?" असं ओरडायची. अण्णा हसून दोन्ही पंजे वर करून दाखवायचे. ते हात मला आवडायचे. शाळेत कुणाच्याच वडलांचे हात तसे नव्हते.

परसात आधी काहीच नव्हतं. मुरूम, वर आलेली खडी, आणि एका कोपऱ्यात धुण्याचा दगड. अण्णांनी नर्सरीतून गुलाब आणले, ते वाळले. पुन्हा आणले, पुन्हा वाळले. तिसऱ्या खेपेला ते काटक्या उपटत होते तेव्हा सोमीबाय दारात मोळी टेकवून हसत उभी होती. सोमीबाय बोईसरच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून यायची. उन्हाळ्यात सरपण आणि करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या. तिची आणि आईची ओळखच भांडणातून झाली होती. पहिल्या वर्षी आईनं तिच्याकडून शेवळं घेतली, ती आपल्याकडच्या मेथीसारखी चिरून परतली, आणि आम्ही तिघंही दोन दिवस घसा खाजवत बसलो. आई तणतणत भांडायला गेली तेव्हा सोमीबाय कपाळावर हात मारून म्हणाली, "काकडा नाय घातला? अगो बाय, शेवळा काकड्याबिगर कोन खातो?" आणि मग तिनं कनवटीची दोन आंबट फळं काढून आईच्या हातावर ठेवली. तेव्हापासून दोघींचं जमलं. सोमीबाय सगळ्यांनाच अरेतुरे करायची. तिच्या बोलीत अहोजाहो नव्हतंच, आणि आम्हाला त्याचं काही वाटतही नसे.

"दादा, ही पावनी झाडा," ती गुलाबाच्या काटक्यांकडे बघत म्हणाली. "दोन दिस ऱ्हातात नि जातात. आमच्याकडची लाव."

"तुमच्याकडची म्हंजे कुठली?"

"जी कोनी लावत नाय ती."

पुढच्या खेपेला तिनं मोळीतून मनगटाएवढ्या जाड दोन हिरव्या, काटेरी फांद्या काढल्या. पांगाऱ्याच्या. "नुसता खुंट मारून दे. यो मरनार नाय." अण्णांनी पहारीनं मुरूम फोडून फांद्या ठोकल्या. मग कुडा आला, धायटी आली, मुरुडशेंग आली, करंजाच्या शेंगा आल्या. रुई तर भिंतीच्या फटीतून आपली आपणच उगवली आणि अण्णांनी ती आईला उपटू दिली नाही. दोन-तीन वर्षांत त्या मुरमावर अशी गर्दी झाली की धुण्याच्या दगडापर्यंत जायला वाकावं लागायचं.

आईला या बागेचा राग होता. म्हणजे तोंडानं होता. "खायला एक फळ नाही, गजऱ्याला एक फूल नाही. अहो, बाग केलीत का रान?"

"देवाला चार फुलं निघतात की."

"देवाला पांगारा घालू होय?"

"देवाला नको तर नको. चोचवाल्याला चालतो."

चोचवाला म्हणजे शिंजीर. हे त्याचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आमच्या घरात तो चोचवालाच होता. अंगठ्याएवढा पक्षी, ऊन पडलं की गळ्याशी जांभळा चमकणारा, वाकडी बारीक चोच. माघ-फाल्गुनात पांगाऱ्याची सगळी पानं गळून जायची आणि उघड्या काटेरी फांद्यांवर लालभडक फुलांचे घोस यायचे. कंपनीत अण्णांच्या हाताला लागणारा लाल रंग वेगळा होता, हा वेगळा. सकाळी अण्णा फर्स्ट शिफ्टला निघायच्या आधी त्या झाडाखाली चहा प्यायचे, आणि वर मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, चोचवाले यांचा असा कलकलाट असायचा की आईला स्वयंपाकघरातून ओरडून बोलावं लागायचं. धायटीची लाल फुलं आम्ही पोरं तोडून देठाकडून चोखायचो, जिभेवर मधाचा एक थेंब यायचा. धायटी संपत आली की कुड्याची पांढरी फुलं सुरू. रुईवर काळे-पिवळे पट्टे असलेले सुरवंट आणि त्यांची नारिंगी फुलपाखरं. कढीपत्त्याची दोन झाडं होती. पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे सुरवंट त्यांची पानं फस्त करायचे, आणि त्यावरून एकदा मोठं रण माजलं.

"अहो, आळ्या पाळल्यात का घरात?"

"आळ्यांची फुलपाखरं होत्यात, काळी, मोठाली. ह्ये झाड तुझं. त्ये झाड त्यांचं."

"मग उद्यापासून आमटीला फोडणी त्यांच्याकडनंच घालून घ्या!"

पण दुसऱ्या दिवशी आई आपल्या झाडावरची आळी काडीनं उचलून 'त्यांच्या' झाडावर ठेवताना मी तिला पाहिलं होतं. तिनं मला पाहिलं नव्हतं.

अण्णा शिफ्टवरून आले की आधी अंघोळ करायचे नाहीत, आधी परसात जायचे. यावरूनही आई बोलायची. "कंपनी अंगावर घेऊन झाडांत शिरू नका. आधी हात धुवा." अण्णा म्हणायचे, "झाडं काय जात विचारत्यात हाताची?" माणदेशात त्यांनी लहानपणी कोसभर लांबून पाणी आणलेलं. झाडाला पाणी घालणं म्हणजे त्यांच्या लेखी लाड. या रानच्या झाडांना एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यात फारसं पाणी लागत नाही, हे मला आता कळतं. तेव्हा हे कुणी अण्णांना सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं असं नाही. त्यांना घालायचंच होतं. रोज संध्याकाळी मगनं, एकेका झाडाच्या बुंध्याशी वाकून. शेवटी पांगाऱ्याखालची मातीची परळ भरायची, पाखरांसाठी.

त्या वर्षी उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड, तोही तासभर यायचा. बागेसाठी पाणी साठवायला ड्रम हवा होता. बोईसरमध्ये ड्रम म्हणजे कारखान्यातून भंगारात आलेला निळा प्लास्टिकचा ड्रम. आमच्या गल्लीत घरटी एक तरी होता. त्यात आधी काय होतं ते कुणाला ठाऊक नसे, म्हणून त्याची एक रीत ठरलेली होती. प्यायचं पाणी त्यात कधीच नाही. आधी तीनदा धुण्याच्या सोड्यानं खळखळून धुवायचा. मग काठोकाठ भरून तीन दिवस उन्हात ठेवायचा, ते पाणी लांब नेऊन ओतायचं, परत भरायचा, परत तीन दिवस. त्यानंतर मेथीची परीक्षा. एका पत्र्याच्या डब्यात माती घेऊन चमचाभर मेथी पेरायची आणि तिला आठ दिवस त्या ड्रममधलंच पाणी द्यायचं. मेथी सरळ आणि हिरवी आली तर ड्रम पास. ती मेथी कुणी खायचं नाही. गल्लीतल्या बायका नळावर एकमेकींना विचारायच्या, "तुझा ड्रम पास झाला का गं?" ही रीत कुणी काढली कोण जाणे. सगळे रंगाच्या, औषधांच्या, आम्लांच्या कारखान्यांत कामाला, आणि त्यांच्या हाताशी प्रयोगशाळा म्हणून एक मेथीचा डबा.

आता मी याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात काम करतो. नव्या कामगारांना पहिल्या दिवशी मी सांगतो की रिकामा ड्रम रिकामा नसतो. ते वहीत लिहून घेतात. माझा आवाज तेव्हा थोडा चढतो, असं एकानं मला सांगितलं होतं.

भंगारवाल्या चाचांनी ड्रम आमच्या हातगाडीवर चढवून दिला तेव्हा मी एकटाच होतो. वरचं लेबल खरवडून काढलेलं होतं. "अंदर क्या था, ये मेरे को भी नहीं मालूम, बेटा," ते म्हणाले. "अच्छे से धोना. तेरे पापा को मालूम है." लग्नसराईमुळे निम्मे कामगार गावी गेलेले, अण्णांना सलग डबल शिफ्ट पडत होत्या. म्हणून त्यांनी ड्रम माझ्यावर सोपवला. माझी अकरावीची परीक्षा नुकतीच झाली होती. "सगळं नीट कर, विजू. मेथी वर आली की मला दाखव," एवढंच ते म्हणाले.

आणि त्याच पंधरवड्यात चिंचणीच्या किनाऱ्यावर टेनिस बॉलचे सामने होते. समुद्र मागे सरला की ओल्या, घट्ट वाळूवर खेळायचं, भरती आली की सामना संपला. म्हणजे ओहोटीची वेळ असेल तेव्हा जायचं, कधी भर दुपारी, कधी पहाटे. आमच्या सरावलीच्या संघात मी सलामीला होतो. ड्रम मी सोड्यानं एकदा धुतला. एकदा भरून दीड दिवस उन्हात ठेवला. झाकण उघडलं की आतून गोडसर, डोक्यात जाणारा वास यायचा. तो ड्रम परत रिकामा करायचा, बादल्यांनी भरायचा, परत तीन दिवस थांबायचं, म्हणजे नळाच्या वेळी घरी हजर राहणं आलं. मी ते केलं नाही. सरळ मेथी पेरली.

चौथ्या दिवशी मेथी वर आली. पिवळी होती. देठ वाकडे, माना टाकलेल्या, काही तर उगवता उगवताच काळ्या पडलेल्या. मी डब्यापाशी उकिडवा बसून बराच वेळ बघत होतो. हे मी मुद्दाम लिहितो आहे. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, मला कळत नव्हतं असं नाही. ड्रम नापास झाला हे मला स्वच्छ कळलं होतं. पण नापास म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि परवा आमचा सामना होता. मी मनाशी म्हटलं, उन्हानं झालं असेल. मग तो डबा रस्त्यापलीकडे उपडा केला, त्यात नवी माती भरली, नवी मेथी पेरली आणि न्हाणीघरामागे ठेवून तिला नळाचं पाणी दिलं.

सहा दिवसांनी अण्णांना दाखवली. ते नुकतेच शिफ्टवरून आले होते, डोळे तांबारलेले. त्यांनी डबा उजेडात धरला आणि लाल बोटाचं टोक त्या कोवळ्या हिरव्या शेंड्यांवरून अलगद फिरवलं. "पास," ते म्हणाले. आणि आईला आतून हाक मारली, "अगं, बघ तरी, पोरानं किती ब्येस काम केलंय!"

सामन्यात मी शून्यावर बाद झालो. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो.

अण्णा रोज पाणी घालत होते. पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही. मग रुईची पानं कडेनं करपली. कढीपत्त्याची दोन्ही झाडं, आईचं आणि त्यांचं, एका आठवड्यात उघडी झाली. कुड्याला कळ्या धरल्या होत्या, त्या न उमलताच तपकिरी होऊन झडल्या. पांगाऱ्याला वैशाखात नवी पालवी येते, ती आली ती मुठीसारखी मिटलेली, आणि तशीच गळाली. बुंध्यावर बोट दाबलं तर आत जायचं. पाणी कमी पडतंय असं समजून अण्णांनी दोन मग जास्त घालायला सुरुवात केली. मी समोर उभा राहून हे बघत होतो. रोज ठरवायचो की आज सांगू. रोज त्यांच्या चेहऱ्यावर इतका थकवा असायचा की मला सबब मिळायची.

एका सकाळी परळीपाशी दोन बुलबुल पडलेले सापडले, आणि भिंतीच्या कडेला चोचवाला. अण्णांनी तो उचलून तळहातावर घेतला. त्या आठवड्यात कंपनीत लाल रंगाचं काम होतं. त्या लाल तळव्यावर तो एवढासा पक्षी, गळ्याचं जांभळं अजून चमकत होतं. आई मोरीतून बाहेर आली. तिनं झाडांकडे बघितलं, पक्ष्याकडे बघितलं, आणि तिचा बांध फुटला.

"किती वेळा सांगितलं होतं, हात धुवा म्हणून! कंपनी घेऊन यायची आणि तसंच झाडांत शिरायचं. तुमच्या हातानंच गेलं सगळं!"

ती नेहमीसारखी रागावली होती, एवढंच. रडतही होती. या बागेवर तिचा किती जीव होता ते त्या दिवशी मला समजलं. पण अण्णांनी ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. हातातल्या पक्ष्याकडे बघत ते म्हणाले, "व्हय. माझ्याच हातानं."

मी तीन पावलांवर होतो. तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

त्याच दुपारी, अण्णा झोपले असताना, मी ड्रम उरलेल्या पाण्यासकट नाल्याकडे नेऊन ओतला आणि चाचांच्या भंगारात परत टाकला. घरी सांगितलं की तळाला चीर गेली होती. तो पुढे कुणाच्या घरी गेला असेल, हा विचार मी आजही पूर्ण करत नाही.

पहिल्या पावसानंतर सोमीबाय शेवळं घेऊन आली आणि दारातच थबकली. अण्णांनी तिला सांगितलं, माझ्या हातानं गेली. तिनं परसातली मूठभर माती उचलून नाकाशी धरली. "हातानं झाडा मरत नाय, दादा. हा वास हाताचा नाय." तिनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी खाली बघितलं. तिला कळलं असेल का, मला सांगता येणार नाही. पुढच्या खेपेला तिनं पांगाऱ्याची एक नवी फांदी आणून अण्णांना दिली. अण्णांनी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि लावली नाही. पांगारा भारी चिवट. भिंतीला टेकलेल्या त्या फांदीला मातीशिवायच पानं फुटली, हिरवीगार, तीन-तीनच्या जुडग्यांनी. श्रावणभर ती पानं तशी होती. अण्णा येता-जाता त्यांच्याकडे बघायचे. मग फांदीतला रस संपला आणि पानं वाळली. दिवाळीआधी आईनं सबंध परसावर कोबा करून घेतला. सोमीबायनं नंतर कधी झाडाचं नाव काढलं नाही.

अण्णा पुन्हा कुठल्याही झाडाला हात लावताना मी पाहिले नाहीत. निवृत्त झाले, नखांचा रंग वर्षभरात उतरला, तरी हात धुण्याची सवय राहिली. जेवायच्या आधी, नंतर, पेपर वाचायच्या आधी. आई त्यांच्यासाठी पाणी कोमट करून ठेवायची. माझी मुलगी मनू जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला घेतलं. अण्णा खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "मी बघतो इथनंच," ते म्हणाले. महिनाभर त्यांनी नातीला घेतलं नाही. बायकोला वाटलं, मुलगी झाली म्हणून नाराज आहेत, आणि तिनं ते मला रडत बोलून दाखवलं. तेव्हाही मी पाणी प्यायला उठलो.

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. अण्णा आमच्याबरोबर बोईसरच्या फ्लॅटमध्ये असतात. गेल्या फाल्गुनात मी एडवणला एका सहकाऱ्याच्या वाडीत गेलो होतो. तिथे पानवेली पांगाऱ्याच्या आधारानं चढवलेल्या असतात आणि कुंपणालाही पांगाराच. माणसं कुंपण छाटत होती. खाली पडलेल्या एका फुललेल्या फांदीवर चोचवाला बसून रस पीत होता, कोयता दोन हातांवर चालू असताना. मी तिथेच वाळूत बसलो. सहकारी म्हणाला, "काय झालं, साहेब? ऊन लागलं का?" निघताना मी त्याच्याकडून हातभर लांबीची एक फांदी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णा बाल्कनीत पेपर घेऊन बसले होते. मी फांदी घेऊन समोर गेलो.

"कुठली रं?"

"एडवणची. पांगारा आहे."

"दिसतंय की मला. उलटी धरलीस. डोळं वर पायजेत."

मी ती सुलट केली. "खाली कंपाउंडच्या भिंतीला जागा आहे. तुम्ही लावा, अण्णा."

"तू लाव. माझा हात नको." आणि त्यांचे हात आपसूक मांड्यांखाली गेले.

मी फांदी खाली ठेवली आणि त्यांच्या समोर फरशीवर बसलो. म्हटलं, "अण्णा, सरावलीचा तो निळा ड्रम. मी तो नीट धुतला नव्हता. मेथी पिवळी आली होती. मी डबा बदलला आणि तुम्हाला नळाच्या पाण्यावरची मेथी दाखवली."

खालच्या रस्त्यावर भंगारवाल्याची हाक चालली होती. ती लांब गेल्यावर अण्णांनी विचारलं,

"पिवळी?"

"हो."

"माना टाकलेली?"

"हो. काही काळी."

"कितव्या दिवशी?"

"चौथ्या."

"म्हंजे मला दाखवली त्याच्या आधी." ते स्वतःशीच हिशेब लावत असल्यासारखे बोलत होते. मग त्यांनी मांड्यांखालून हात काढले आणि पेपरावर उताणे ठेवले. हात स्वच्छ होते. म्हातारे, सुरकुतलेले, कोणताही रंग नसलेले. "मनूला घेतली न्हाय मी. एवढीशी होती. सगळी घेत हुती."

मी फरशीवरची फांदी बाजूला सरकवली.

"तुझी आई जाताना मला म्हणली," ते म्हणाले, "माझ्या तोंडातनं तेवढं निघून गेलं, मनात ठिवू नका. मी तिला म्हणलं, अगं, खरंच हुतं की ते. तशीच गेली ती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काहीतरी विचारायचं असावं तसं. "आता तिला कोण सांगायचं, विजू?"

आमच्याकडे माफी मागायची तर पायांवर डोकं ठेवतात. मी पायांकडे गेलो नाही. मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले, तळवे वर करून, आणि त्या तळव्यांवर कपाळ टेकलं. त्यांनी ते मागे घेतले नाहीत. मी म्हणालो, "अण्णा, या हातांत काहीच नव्हतं. कधीच नव्हतं. मला सोळाव्या वर्षी माहीत होतं आणि मी आजपर्यंत सांगितलं नाही. मला माफ करा."